लेकीसाठी कोडिंगचे पझल गेम हवेत, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही

हिशेबनीस
मंडळी, एक प्रश्न आहे, जरा लांबण लागणार आहे ते आधीच सांगतो. लेक ८ वर्षांची. तिने मैत्रिणीच्या टॅबवर लाइटबॉट बघितला, तो छोटा रोबो असतो ना, ठोकळ्यांवरून चालतो, उड्या मारतो आणि निळ्या चौकटीवर जाऊन दिवा लावतो, तो. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये तिला. मीही टाकून दिला, म्हटलं बाकी धांगडधिंगा गेमपेक्षा बरा, कोडिंग शिकवतो म्हणतात. पण आता पंधरा दिवस शेजारी बसून बघतोय आणि शंका यायला लागलीये. ती करते काय, तर बाण टाकते, प्ले दाबते, रोबो भलतीकडे गेला की सगळं पुसते आणि पुन्हा पहिल्यापासून बाण टाकते. नुसते अंधारात खडे मारणं. असं करत करत कधीतरी लेव्हल सुटते, मग नाचते, की लगेच पुढची. विचारलं कशी सुटली गं, तर म्हणे "सुटली ना!" संपला विषय.

तर हे शिकणं आहे की टाइमपास? असल्या गेममधून खरंच प्रोग्रॅमिंगचं काही डोक्यात जातं का, आणि जात असेल तर कुठले गेम घ्यावेत?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. मी अकाउंट्सवाला माणूस, एक्सेलमध्ये इफ लावतो तेवढंच माझं कोडिंग. दोनदा ऑनलाइन कोर्स चालू केला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या व्हिडिओला झोप लागली. मोठ्या माणसांसाठी असे गेम असतात का, म्हणजे बालिश न वाटणारे? हसू नका.

आळशी_कोडर
हसत नाही, उलट योग्य प्रश्न विचारलात. रोज पगार घेऊन कोड लिहितो आणि घरी येऊन असले गेम खेळतो, त्यामुळे हसण्याचा अधिकारच नाही मला.

आधी लेकीचं. लाइटबॉट चांगलाय, पण त्यातली गंमत पहिल्या काही लेव्हलमध्ये नाहीच. सुरुवातीला नुसतं पुढे, डावीकडे, उडी, दिवा असं ओळीने लावायचं असतं, ते खडे मारूनही जमतं कारण शक्यताच कमी असतात. खरा गेम सुरू होतो तो जागा संपल्यावर. मेनमध्ये, म्हणजे मुख्य यादीत, बाण ठेवायला मोजकीच घरं आहेत आणि रस्ता त्यापेक्षा लांब आहे. मग काय करणार? मग लक्षात यावं लागतं की "पुढे, उडी, दिवा" हे तुकडे तेच तेच येतायत, ते खाली प्रोसीजरच्या डब्यात एकदा लिहायचे आणि मेनमधून नुसतं बोलवायचं. प्रोसीजर म्हणजेच फंक्शन, आणि ते म्हणजे काय हे मला कॉलेजात व्याख्या घोकून कळलं नव्हतं, का लागतं हे तर त्याहून नाही. इथे घरं संपली म्हणून लागतं, एवढं साधं आहे. पुढे एक धडा लूपचा, म्हणजे तेच तेच पुन्हा करण्याचा आहे आणि तिथे वेगळं लूपचं बटण नसतंच, प्रोसीजरच्या शेवटी त्याच प्रोसीजरला पुन्हा बोलवायचं, म्हणजे खरं तर रिकर्शनच, फक्त ते नाव कुणी घेत नाही आणि त्यामुळे कुणी घाबरतही नाही.

त्यामुळे तिथपर्यंत पोचू द्या. प्रोसीजरच्या लेव्हलला खडे मारणं बंद पडतं, तिथे घोडं अडतंच. तेव्हा शेजारी बसा.

दुसरं सुचवेन ते गूगलने बनवलेलं ब्लॉकली गेम्स. ब्राउझरमध्ये चालतं, डाउनलोड करून नेटशिवायही खेळता येतं. त्यात मेझ नावाचा भाग आहे १० लेव्हलचा, ठोकळे एकमेकांत अडकवायचे. तिथेही ठोकळे मोजून देतात. आणि लेव्हल सुटली की तो दाखवतो की तुम्ही हे इतक्या ओळींच्या जावास्क्रिप्टने, म्हणजे खऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत, सोडवलं, आणि त्या ओळी समोर येतात. लेक दुर्लक्ष करेल, पण तुम्ही बघा, तुम्हाला उपयोग होईल. शेवटची लेव्हल बरीच अवघड आहे, सरळ रस्ता नाही, तिथे भिंत एका हाताला धरून चालत राहायचं असा नियम लिहावा लागतो. रस्ता पाठ करून उपयोग नाही, नियम लिहायचा. माझ्या मते सगळ्या प्रोग्रॅमिंगचं सार त्या एका लेव्हलमध्ये आहे, पण मी जरा जास्तच भावनिक आहे या बाबतीत.

तुमच्यासाठी वेगळी पोस्ट टाकतो, जरा कामं उरकू दे.

प्रश्नचिन्ह
मी जरा विरोधी सूर लावतो. हे सगळं बरंच फुगवलेलं प्रकरण आहे. मूल लाइटबॉट खेळून लाइटबॉटमध्ये हुशार होतं. बुद्धिबळ खेळून बुद्धिबळात होतं तसं. "कोडिंग केलं की तर्कबुद्धी वाढते, नियोजन सुधारतं" हे आजचं नाही, लोगोच्या काळापासून सांगतायत. लोगो म्हणजे ती १९६७ ची मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा, सूचना देऊन कासव चालवायची. ८० च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड या दोघा संशोधकांनी हे तपासायचा प्रयत्न केला, लोगो शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं यांना नियोजनाचं काम दिलं, आणि लोगोवाली मुलं काही सरस निघाली नाहीत. म्हणजे खरीखुरी भाषा शिकूनही आपोआप काही झालं नाही, आणि इथे आपण दिवा लावणाऱ्या रोबोकडून अपेक्षा ठेवतोय.

हिशेबनीस, मुलीला मजा येतेय ना, मग खेळू दे. पण शिकतेय म्हणून समाधान मानू नका. प्रोग्रॅमिंग यायला प्रोग्रॅम लिहावे लागतात, पोहायला पाण्यात उतरावं लागतं तसं.

खडूफळा
प्रश्नचिन्ह, अर्धं सांगितलंत. त्याच लोगोवर पुढे १९८८ मध्ये डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांचं काम आलं. त्यांनी मुलांना नुसतं लोगो देऊन सोडून दिलं नाही, चूक कशी शोधायची हे पायरी पायरीने मुद्दाम शिकवलं. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक कसला आहे, तो फरक कुठल्या तुकड्यामुळे येऊ शकतो, मग तेवढाच तुकडा तपासायचा. आणि मग त्याच मुलांना कॉम्प्युटरशी काही संबंध नसलेल्या लेखी सूचना दिल्या, ज्यात कुठेतरी चूक होती, तर तिथेही ती चूक शोधण्यात त्यांची सुधारणा दिसली. म्हणजे आपोआप होत नाही हे तुमचं बरोबर, पण होतच नाही हे चूक.

आणि हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथे आहे. लेव्हल सुटली की नाही ते सोडा. रोबो चुकल्यावर ती काय करते तेवढं बघा. ती सगळं पुसते हाच एकमेव काळजीचा मुद्दा आहे, आणि मी वर्गात कॉम्प्युटर शिकवते त्यामुळे सांगते की जवळजवळ प्रत्येक मूल सुरुवातीला हेच करतं. चूक म्हणजे सगळंच वाया गेलं असं त्यांना वाटतं. बारा बाणांतला नववा चुकला असेल तर पहिले आठ बरोबर आहेत हे त्यांच्या गावीच नसतं.

तर एक करा. उत्तर सांगू नका, "नीट विचार कर" असलंही काही म्हणू नका, त्याने काही होत नाही. फक्त एकच विचारायचं, रोबो कुठपर्यंत बरोबर गेला? बोट ठेवायला लावा स्क्रीनवर. मग त्या जागेपर्यंत यायला किती बाण लागले ते मोजायला लावा. चूक तिथून पुढच्या बाणात आहे, बाकीचं पुसायची गरज नाही. मी एवढंच विचारत राहते वर्गात, दोनतीन आठवडे गेले की मुलंच एकमेकांना विचारायला लागतात, माझा आवाज काढून चिडवतात सुद्धा.

आणखी एक, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच वेळा मूल तर्कात चुकत नसतं, डाव्याउजव्यात चुकत असतं. रोबोचं तोंड आपल्याकडे असलं की त्याची डावी ही आपली उजवी. शिवाय "डावीकडे वळ" म्हणजे जागच्या जागी वळ, डावीकडे जा नव्हे, हे त्यांना कळायला वेळ लागतो, त्यांना वाटतं वळला म्हणजे एक घर सरकलाही. अशा वेळी स्क्रीन बाजूला ठेवा आणि तिला उभं करा. जमिनीवर खडूने चौकटी काढा, ती रोबो, तुम्ही सूचना वाचणार. सिमोर पॅपर्ट, ज्यांनी लोगोचं काम सुरू केलं त्यातले एक, त्यांचा यावर फार भर होता, कासव कसं वळेल ते कळत नसेल तर तूच कासव हो आणि चालून बघ. आजही याच्याइतकं चांगलं साधन माझ्या बघण्यात नाही.

कागदी_कासव
खडूफळा ताईंना +१. आणि स्क्रीन नकोच असेल तर रोबोट टर्टल्स नावाचा बोर्ड गेम आहे, २०१३ मध्ये किकस्टार्टरवरून आला होता, अगदी ४ वर्षांपासून चालतो. त्यात मूल प्रोग्रॅमर आणि मोठा माणूस कॉम्प्युटर, मूल पत्ते मांडतं आणि आपण ते सांगकाम्यासारखे पाळायचे, अक्कल न वापरता. सुरुवातीला फार जड जातं हे, हात आपोआप योग्य दिशेला जातो, आणि पोरं ओरडतात की मी असं सांगितलंच नव्हतं. त्यात बगचं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीचं, एक कार्डपण आहे, चुकलं की मूल ते दाखवून मागे जाऊन दुरुस्त करतं. चूक झाली तर खेळ संपत नाही, ती खेळाचाच भाग आहे, हे मला फार आवडलं. ८ वर्षांच्या मुलीला थोडा सोपा वाटेल बहुतेक.

मग ट्युरिंग टंबल बघा. उभा बोर्ड, वरून गोट्या सोडायच्या, निळ्या आणि लाल, मध्ये उतार, क्रॉसओव्हर, आणि एक बिट नावाचा तुकडा जो गोटी गेली की दुसऱ्या बाजूला कलतो. तीन बिट नीट मांडले की गोट्या आपोआप बायनरीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, मोजल्या जातात. वीज नाही, बॅटरी नाही. ६० कोडी आहेत, शेवटची काही माझ्याच्याने सुटलेली नाहीत, लहान मुलांचा खेळ म्हणून घेतला होता.

टिस_पिसाट
धागा आता कुठे माझ्या आवडीच्या वळणावर येतोय. हिशेबनीस साहेब, मोठ्या माणसांसाठी एकच नाव, टिस-१००. २०१५ चा, झॅकट्रॉनिक्सचा. सुरुवातीला स्क्रीनवर १२ चौकोन दिसतात, प्रत्येक चौकोन म्हणजे एक छोटा प्रोसेसर, प्रत्येकात जास्तीत जास्त १५ ओळी लिहिता येतात, एका ओळीत एक सूचना. आकडे उणे ९९९ ते ९९९ एवढेच. गुणाकार नाही, भागाकार नाही. आकडा साठवायला एसीसी नावाचा एक कप्पा आणि त्यामागे बॅक नावाचा दुसरा, आणि त्या बॅकला थेट हात लावता येत नाही, आधी अदलाबदल करावी लागते. वरून आकडे येतात, खाली काहीतरी करून सोडायचे. आणि शिकवणी वगैरे काही नाही, एक पीडीएफ मॅन्युअल देतात जुनाट कॉम्प्युटरचं असल्यासारखं, ते वाचा आणि लागा कामाला.

आता यातली खरी मजा सांगतो. एका चौकोनाने शेजाऱ्याला आकडा दिला की शेजारी तो घेईपर्यंत पहिला थांबून राहतो. आणि शेजारी जर त्याच वेळी याच्याकडून नाही तर दुसऱ्याच कुणाकडून काही येईल म्हणून वाट बघत असेल, आणि तो दुसरा याची वाट बघत असेल, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि काहीही हलत नाही. पहले आप पहले आप. याला डेडलॉक म्हणतात आणि नोकरीत मी यावर महिना घालवलाय एकदा, पण तो काय प्रकार आहे हे हाडामासात कळलं ते टिसमध्ये, रात्री दीड वाजता, जेव्हा बाराच्या बारा चौकोन गोठलेले बघितले.

आणि सुटल्यावर संपत नाही. तुमचं उत्तर किती सायकलमध्ये झालं, किती चौकोन वापरले, किती सूचना लागल्या, असे तीन आलेख येतात आणि बाकी जगाच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते दिसतं. तिन्हीत एकाच वेळी पुढे राहणं बहुतेक वेळा जमतच नाही, वेग वाढवला की ओळी वाढतात. एक कोडं मी चार वेळा सोडवलंय. बायको म्हणते सुटलंय ना मग परत का, आता काय सांगणार.

आळशी_कोडर
टिस भाऊ, माणूस तिसऱ्या व्हिडिओला झोपला म्हणतोय आणि तुम्ही त्याच्या हातात असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या पातळीची भाषा, देताय. पळून जाईल.

हिशेबनीस, टिस नंतर. आधी ह्यूमन रिसोर्स मशीन. टुमॉरो कॉर्पोरेशनचा, हाही २०१५ चाच. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल कारण तो ऑफिसातच घडतो. डावीकडे इनबॉक्सचा पट्टा, उजवीकडे आउटबॉक्सचा, मध्ये एक बिचारा कर्मचारी. त्याच्या हातात एका वेळी एकच आकडा मावतो, बाकी ठेवायला जमिनीवर फरशा. तुम्ही त्याला सूचना द्यायच्या. इनबॉक्समधून घे, फरशीवर ठेव, फरशीवरचा हातातल्यात मिळव, आउटबॉक्सला टाक, आणि सूचनांच्या यादीत उडी मारून वरच्या ओळीवर जा. पूर्ण गेममध्ये मिळून ११ सूचना आहेत, बस. पण त्या ११ मध्ये लूप आहे, इफ आहे, व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवायची जागा आहे, पुढे तर पॉइंटरसुद्धा येतो, म्हणजे कुठल्या फरशीवर जायचं ते दुसऱ्या फरशीवर लिहिलेलं, आणि तो येतो तेव्हा इतका साधा वाटतो की कॉलेजात मास्तरांनी त्याचा एवढा बाऊ का केला होता कळत नाही.

एक उदाहरण देतो, कोडं फोडत नाहीये फार. एका लेव्हलला प्रत्येक आकडा ८ पट करून पाठवायचा असतो. गुणाकाराची सूचना नाही, फक्त बेरीज. साधा माणूस काय करेल, आकडा फरशीवर ठेवेल आणि सात वेळा मिळवेल. घेणं, ठेवणं, सात बेरजा, पाठवणं, परत उडी, एकूण ११ सूचना. चालतं. पण तोच आकडा स्वतःत मिळवला की दुप्पट होतो, ती दुप्पट फरशीवर ठेवून परत मिळवली की चौपट, पुन्हा तेच की आठपट. तीनच बेरजा, एकूण ९ सूचना. दोनने काय फरक पडतो म्हणाल, तर पुढे एका लेव्हलला ४० पट करायचंय, तिथे करा ३९ बेरजा. तिथे माणूस आपोआप ४० म्हणजे ३२ अधिक ८ असा विचार करायला लागतो, आणि बायनरी म्हणजे काय हे कुणी न सांगता कळलेलं असतं.

त्यातही दोन आव्हानं असतात, सूचना कमी आणि वेळ कमी, आणि ती दोन्ही कधीकधी एका उत्तरात बसत नाहीत, दोन वेगळी उत्तरं लिहावी लागतात. टिसचं बाळरूप समजा.

हिशेबनीस
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. खडूफळा ताई, तुमचा तो प्रश्न लगेच लागू केला, निकाल कळवतो. ह्यूमन रिसोर्स मशीन घेतलाय, आकडे आणि ऑफिस असल्यामुळे सुट्टीच्या दिवशीही कामावर गेल्यासारखं वाटतंय पण सोडवत नाहीये.

बाबा_इज_हट्टी
कुणीच बाबा इज यू चं नाव घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं. २०१९ चा, फिनलंडच्या अर्वी तेइकारीचा. त्यात नियमच ठोकळे बनून पटावर पडलेले असतात. वॉल इज स्टॉप असे तीन शब्द ओळीत असतील तर भिंत अडवते. एक शब्द ढकलून बाजूला केला की भिंतीतून आरपार. बाबा हे गेममधलं पात्र, बाबा इज यू मधला बाबा काढून तिथे रॉक ठेवला की तुम्ही दगड. प्रोग्रॅम चालू असताना प्रोग्रॅमच बदलायचा, अजून काय पाहिजे?

आळशी_कोडर
गेम अप्रतिम, शंकाच नाही. पण तो प्रोग्रॅमिंग शिकवतो असं मी म्हणणार नाही. त्यात तुम्ही सूचनांची यादी आधी लिहून मग चालवत नाही, प्रत्येक पाऊल स्वतः टाकता आणि लगेच परिणाम दिसतो. आधी डोक्यात चालवून बघणं, मग लिहिणं, मग आपलं डोकं आणि मशीन यात फरक का पडला ते शोधणं, हे त्यात नाही.

बाबा_इज_हट्टी
लगेच परिणाम दिसतो म्हणून वाईट? आणि गृहीत धरलेली गोष्ट तपासून बघणं हे प्रोग्रॅमिंग नाही का? माझा निम्मा दिवस त्यातच जातो. भिंत अडवतेच असं आपण धरून चालतो, कारण भिंत आहे ना ती. आणि मग कळतं की अडवते कारण कुठेतरी कोपऱ्यात तसं लिहिलंय. जुना कोड वाचताना मला रोज बाबा आठवतो.

प्रश्नचिन्ह
हे मात्र पटलं. आणि आधीच्या पोस्टबद्दल, खडूफळा ताई, ते क्लार आणि कार्व्हरचं मला माहीत नव्हतं, वाचतो. तरी माझं म्हणणं एवढं राहीलच की कधीतरी गेममधून बाहेर यावं लागतं. गेममध्ये प्रश्न दुसऱ्याने आखून दिलेला असतो, नेमका, सुटणारा, बरोबर आलं की टाळ्या. खऱ्या कामात निम्मा वेळ नक्की काय करायचंय हेच ठरवण्यात जातो आणि टाळ्या तर कुणीच वाजवत नाही.

खडूफळा
याला माझं अनुमोदन. म्हणून मी एका टप्प्यावर लेव्हल सोडवणं थांबवते आणि लेव्हल बनवायला लावते. कागदावर. चौकटी आखा, रोबो कुठे, दिवे कुठे, सूचनांना किती घरं देणार ते लिहा. शेजारच्याला सोडवायला द्या. आणि मग स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून स्वतःचे गेम आणि गोष्टी बनवायची मुलांची भाषा, त्यात एक मांजर असतं. पण घाई नको, स्क्रॅचचा मोकळा पडदा समोर आला की काही मुलं बावरतात, काय करायचं सुचत नाही, आणि काही जणी फक्त मांजराचे कपडे बदलत बसतात तास तास. थोडी कोडी पचलेली असली की त्यांना निदान माहीत असतं की आपल्याकडे कुठली हत्यारं आहेत. लहान भावंडं असतील तर त्यांना स्क्रॅचज्युनियर, ते ५ ते ७ वयासाठीच केलंय, वाचता येत नसलं तरी चालतं.

टिस_पिसाट
रिकर्शन आवडणाऱ्यांसाठी कार्गो-बॉट राहिला, २०१२ चा, आयपॅडवर. क्रेनने खोकी हलवायची. लूप नाहीच त्यात, प्रोग्रॅमने प्रोग्रॅमला बोलवायचं, आणि पुढे अशी कोडी येतात की परत येताना काय काय उरलंय त्याचा हिशेब त्या बोलावण्याच्या साखळीतच लपवून ठेवावा लागतो. साहेब हिशेबनीस आहेत म्हणून सांगितलं.

हिशेबनीस
वीस दिवसांनी परत आलोय, निकाल द्यायला.

आधी माझं. आठपटीचं कोडं मी सात बेरजांनीच सोडवलं होतं, वरची पोस्ट वाचूनसुद्धा, कारण हात आपोआप तिकडे गेला. मग चाळीसला डोळे उघडले. दोन आकड्यांतला मोठा कुठला ते शोधायच्या लेव्हलला दोन संध्याकाळी गेल्या. वजा करायचं आणि उणे आलं तर उडी मारायची हे कळलं होतं, पण वजाबाकी केल्यावर हातात फरक राहतो, मूळ आकडा जातो, हे लक्षातच येत नव्हतं, माझा माणूस फरकच नेऊन आउटबॉक्समध्ये टाकत होता आणि बॉस ओरडत होता. एक्सेलमध्ये ए१ मधून बी१ वजा केलं तर ए१ जागेवर राहतो ना, त्याची सवय. शेवटी कागदावर हात, फरशी शून्य, फरशी एक असे तीन रकाने आखले आणि प्रत्येक सूचनेनंतर कशात काय आहे ते लिहीत गेलो. तिसऱ्या ओळीत चूक दिसली. खतावणी लिहिल्यासारखंच आहे हे, आधी कुणी सांगितलं असतं तर.

आळशी_कोडर
त्याला आम्ही ड्राय रन म्हणतो आणि दहा वर्षं काम केलेले लोकही कंटाळा करतात. तुम्ही पहिल्याच महिन्यात केलंत. आता सॉर्टिंगला, म्हणजे आकडे क्रमाने लावायच्या लेव्हलला, पोचलात की तोच कागद काढा, उत्तर विचारायला येऊ नका, मी सांगणार नाही.

हिशेबनीस
आता लेकीचं. पहिले चार दिवस "कुठपर्यंत बरोबर गेला" विचारलं की चिडायची. पाचव्या दिवशी न विचारता बोट ठेवलं. आता पूर्ण पुसत नाही, शेवटचे दोनतीन बाण काढते, क्वचित मधलाच एक बदलते. प्रोसीजरला अडली होती, जमिनीवर चौकटी आखून तिला चालवलं, चालता चालता म्हणाली हे तर मी तेच तेच करतेय. मी काही बोललो नाही, फार कष्टाने.

मग ताईंच्या सांगण्यावरून तिला लेव्हल बनवायला दिली. कागदावर बनवली, रंगवून वगैरे, आणि मला सोडवायला दिली. अर्धा तास घालवला, सुटेना. शेवटी कळलं की सुटणारच नाही, दिव्याच्या आधी दोन ठोकळ्यांची उंच भिंत आहे आणि रोबो एका वेळी एकच ठोकळा चढतो. हे सांगितलं तर ऐकायला तयार नाही, म्हणे अवघड लेव्हल आहे म्हणून तुला येत नाहीये.

प्रश्नचिन्ह
नक्की सुटत नाही? दुसऱ्या बाजूने पायरी नाहीये कुठे? उतरताना कितीही उंचीवरून उतरतो तो, चढतानाच एक.

हिशेबनीस
सगळीकडून बघितलं, चारही बाजूंनी दोनच्या उंचीची भिंत. तसं सिद्धही करून दाखवलं तिला. तर म्हणाली, बाबा, मग उडी फंक्शनमध्ये टाक ना, फंक्शनमध्ये टाकली की ती मोठी होते.

आता याला काय उत्तर देऊ?

खडूफळा
काही देऊ नका. घरात उशा असतील तर एकावर एक रचा, तिला रोबो करा, एका कागदावर फंक्शन म्हणून "उडी" लिहून तिच्याच हातात द्या. आणि प्ले तुम्ही दाबा.